दार उघडायला लागणारा वेळ

जुने हॉरर गेम्स आज यूट्यूबवर पाहिले तर हसू येतं. ठोकळ्यासारखे चेहरे, गुडघे आखडल्यासारखे चालणारे झॉम्बी. तरी आमच्या वयाच्या पोरांना त्यांचं एवढं वेड का?

माझा मामेभाऊ बारामतीचा. मे महिन्याच्या सुट्टीत तो सेकंडहँड प्लेस्टेशन पिशवीत घालून इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी यायचा. एका टीव्हीसमोर आम्ही पाच जण. १९९६ च्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये खोली बदलताना काळ्या पडद्यावर नुसतं एक दार दिसायचं आणि सावकाश उघडायचं. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. गेम सेव्ह करायला टाइपरायटर आणि शाईची रिबन लागायची, रिबनी मोजक्याच. त्यात गावात भारनियमन. मध्येच लाइट गेली की तासाभराचा खेळ पाण्यात. झॉम्बीपेक्षा लाइटचीच धास्ती जास्त.

इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं, ते दार म्हणजे लोडिंग स्क्रीन. सीडीवरून पुढची खोली वाचली जाईपर्यंतचा वेळ झाकायला ठेवलेलं. प्लेस्टेशनची मुख्य मेमरी अवघी २ एमबी. १९९९ च्या 'सायलेंट हिल'मधलं धुकंही तसलंच. लांबचं शहर काढणं मशीनला झेपत नव्हतं, म्हणून जवळचं तेवढं दाखवून बाकीचं धुक्यात.

हे कळून गंमत गेली नाही, उलट पटली. उजनीच्या पाण्यात पळसदेवचं जुनं देऊळ आहे. पाणी उतरलं की लोक तिथं फोटो काढायला जातात. लहानपणी मला भीती वाटायची ती देऊळ पाण्याखाली असताना. आत काय आहे, हे तेव्हा आपणच ठरवायचो.

आता ॲप पटकन उघडावं, यासाठीच मला पगार मिळतो. दोन सेकंद जास्त लागले तरी तक्रार येते. २०२४ मध्ये 'सायलेंट हिल २'चा रिमेक आला, तो हेडफोन लावून एकट्यानं खेळलो. धुकं सुंदर होतं. आता ते मशीनची अडचण झाकत नाही, हौसेनं घातलेलं असतं. भीतीही वाटली. पण दचकल्यावर ज्याचा दंड पकडावा, असं शेजारी कुणी नव्हतं.

मशीन कमी पडायचं, तेवढी जागा आम्ही पाच जण भरून काढायचो. आता पाचही जण एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आहोत, वाढदिवसापुरते. परवा मी तिथं विचारलं, "ते प्लेस्टेशन आहे का रे अजून?"

मामेभावाचं उत्तर आलं, "माळ्यावर असेल. मेमरी कार्डपण. दिवाळीला येतायत का सगळे?"