भोके पाडणारा हात

आमचा पुतण्या आयटीआय झालेला फिटर. पत्र्याच्या कारखान्यात दिवसभर ड्रिल मारतो आणि घरी येऊन वैतागतो, "काका, भोकं पाडायला कसली अक्कल लागते?" आम्ही पडलो कारकून. पण घरी विमान बांधणाऱ्यांविषयी वाचताना आम्हाला तोच आठवतो.

अमेरिकेत विमानाचे सुटे भाग खोक्यांतून घरी येतात, हौशी लोक ते गॅरेजात जोडतात. त्यात बरेचसे काम भोकांचेच! दोन पत्रे क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या चापाने तात्पुरते धरायचे, भोक अंतिम मापाला मारायचे, पुन्हा सगळे सोडवून भोकाच्या कडेची बर काढायची, मगच रिव्हेट. बर राहिली तर पत्र्याला तिथूनच तडा जाऊ शकतो. भोक काठापासून रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट आत हवे, नाहीतर भाग वाया.

आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत, चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनी विमान बांधले. तिथे तर तयार खोकेही नव्हते. २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते मुंबईकरांनी पाहिले.

हे सारे पुतण्याला सांगितले. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "काका, बर काढायला आमचा सुपरवायझर वेळच देत नाही."