मधलं ठिकाण

आमच्या गावात कुणी परदेशी निघालं की पहिला प्रश्न येतो, 'किती तास?' किलोमीटर कुणी विचारत नाही.

माझी ताई पर्थला असते, दादा लंडनला. दोन्ही विमानतळांमधलं अंतर सुमारे 14,500 किलोमीटर. 24 मार्च 2018 ला क्वान्टासचं विमान पर्थहून निघालं आणि कुठेही न उतरता साधारण सतरा तासांत लंडनला पोचलं. ऑस्ट्रेलियाहून युरोपला थेट जाणारी ती पहिलीच नियमित सेवा.

1947 च्या डिसेंबरमध्ये क्वान्टासने सिडनी ते लंडन सेवा सुरू केली, तेव्हा चार दिवस लागत. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, ट्रिपोली अशा उड्या मारत जायचं, म्हणून नाव 'कांगारू रूट'. त्याआधी, युद्धकाळात, पर्थहून सिलोनला कॅटालिना नावाची समुद्री विमानं जात. शत्रूला सुगावा नको म्हणून रेडिओ बंद, दिशा ताऱ्यांवरून. प्रवासी जेमतेम तीन. 27 ते 33 तासांच्या त्या उड्डाणात सूर्योदय दोनदा दिसायचा!

आजही तास काही पक्के नाहीत. वरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे लंडनहून पर्थला येताना वेळ कमी लागतो. एप्रिल 2024 मध्ये इराणचं आकाश टाळायची वेळ आली, तेव्हा लंडनला जाणारं विमान इंधनासाठी सिंगापूरला उतरवावं लागलं. परतीचं मात्र वाऱ्याच्या जोरावर थेटच येत राहिलं.

दादाच्या बाळाचा बाप्तिस्मा होता तेव्हा ताई याच थेट विमानाने गेली. आम्ही सोहळा मोबाईलवर पाहिला. ताईचं विमान कुठवर आलं ते मम्मी आदल्या रात्री तेर्स झाल्यावर फोनवर बघत बसली होती. अरबी समुद्रावर ते चिमुकलं चित्र दिसलं तेव्हा एवढंच म्हणाली, "इतक्या जवळून चाललीय गो."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कॉलेजच्या लायब्ररीत पृथ्वीचा गोल आहे. त्यावर पर्थपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरला, मग तो दुमडून मध्य काढला. मध्य आला आपल्या अरबी समुद्रात, रत्नागिरीच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून दोनेकशे किलोमीटरवर. विमानं अगदी त्याच रेषेवरून जात नाहीत, पण मध्य तोच.

विमानं लांब उडायला लागली तसे कलकत्ता, कराची हे थांबे गळाले. आमच्या घराचंही तसंच झालं. पूर्वी ताई आणि दादा एकमेकांना भेटायचे ते नाताळात, इथे घरी. आता थेट भेटतात. भावंडांनी भेटावं, त्यात वाईट काय? पण त्यांच्या भेटीत मम्मीला तिचे दोघं एकत्र मिळायचे, ते मिळेनासे झाले.

म्हणून मी दोऱ्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'येत्या नाताळात अर्ध्या वाटेवर भेटा. विमान बदलावं लागेल, तास वाढतील, पैसेही जास्त जातील. पण तुम्हा दोघांच्या मधलं ठिकाण मोजून काढलंय.'

दादाने रजेचा अर्ज टाकलाय. ताईच्या ड्युट्या अजून लागायच्यात. मम्मीने मात्र वरच्या खोलीतल्या गाद्या आत्ताच उन्हात घातल्या.