खटक्यांचा डबा

आमच्या चिरंजीवांना संगणकावरच्या मोटारशर्यतीचा भारी नाद. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मग कीबोर्ड चाचपडायचा कसा? म्हणून इंदूरच्या महाराणी रोडवरून त्याने सोळा खटके आणले आणि माझ्या वडिलांचा अवजारांचा सागवानी डबा मागितला. मी नाही म्हटलं. नोकरी सोडून घरी बसलेल्या पोराने खेळणी करावीत, हे मला रुचत नव्हतं. सौ.ने मात्र गुपचूप काढून दिला.

चार आडव्या तारा, चार उभ्या. आठांत सोळा खटके. त्या आर्डुइनो प्रो मायक्रोला जोडल्या की संगणक डब्याला जॉयस्टिक समजतो. पण चौकोनाच्या तीन कोपऱ्यांचे खटके एकदम दाबले, की न दाबलेला चौथाही लागे. रात्री दोनला तो डोकं धरून बसलेला.

"बाबा, असं का होतंय हो?"

वर्षभरात त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न! मी वडिलांच्या हाताखाली रेडिओ दुरुस्त करत वाढलेला. वीज दाबलेल्या खटक्यातून उलटी फिरत होती. प्रत्येकाला एकेक डायोड हवा, काळी पट्टी एकाच बाजूला. मला आता बारीक दिसत नाही. मी सांगत गेलो, डाख तो देत गेला.

खटक्यांवर नावं लिहायची राहिलीत. तो म्हणतो 'बत्ती', मी म्हणतो 'दिवे'.