दाराला लावलेला दगड

गेले आठ दिवस मी भेटेल त्याला थांबवून एकच गोष्ट सांगत सुटलोय. आज तुमची पाळी!

१९८३च्या डिसेंबरात गोव्याहून तिसरी भारतीय अंटार्क्टिका मोहीम निघाली, तेव्हा तिच्यात पहिल्यांदाच दोन बायका होत्या. एक आमच्या विदर्भातल्या, नागपूरच्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. दुसऱ्या कोलकात्याच्या सुदीप्ता सेनगुप्ता. या भूशास्त्रज्ञ, आणि गिर्यारोहण शिकलेल्या कुणाकडे? खुद्द तेनसिंग नोर्गेंकडे! परतल्यावर त्यांनी बंगालीत पुस्तक लिहिलं, नाव नुसतंच 'अंटार्क्टिका'.

मला प्रश्न पडला, जिथे तिथे बर्फच, मग हातोडा घेऊन बाई तिथे करणार काय?

आणि इथून जो मी वाचत सुटलो! अंटार्क्टिकाची उघडी जमीन दोन टक्क्यांहूनही कमी. बाकी सगळे तिकडे जातात बर्फासाठी, भूशास्त्रज्ञ जातो या उरलेल्या चतकोरासाठी. सुदीप्ताबाईंचा चतकोर म्हणजे शिरमाखर टेकड्या. १९३९मध्ये एका जर्मन मोहिमेला विमानातून दिसलेल्या, म्हणून वैमानिकाचं नाव मिळालेल्या. जेमतेम ३५ चौरस किलोमीटर खडक आणि त्यात शंभराहून जास्त तळी! आपल्याकडे खडक बघायचा तर आधी माती, गवत, घाणेरी बाजूला सारा, नाहीतर रस्त्याचं खोदकाम शोधा. तिथे सगळा खडक स्वच्छ समोर, आणि उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. भूशास्त्रज्ञाला आणखी काय हवं?

बाई वाचत होत्या घड्या. खडकाच्या घड्या! इस्त्रीची घडी मोडून कुणी कापड वेगळ्याच अंगाने दुमडलं, तरी जुनी रेघ राहतेच ना? कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत खोल, तापून मऊ झालेला खडक असाच पुन्हापुन्हा दुमडला गेला. कुठली घडी आधीची, कुठली नंतरची, हे लावत बसायचं. १९८९मध्ये त्या पुन्हा तिथे गेल्या. बर्फावर बांधलेलं आपलं पहिलं ठाणं, दक्षिण गंगोत्री, तोवर बर्फातच गाडलं जाऊ लागलं होतं. नवं ठाणं, मैत्री, उभं राहिलं ते याच शिरमाखरच्या खडकावर. अजून उभं आहे.

पण थांबा, खरी गंमत पुढेच आहे. १९१२मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परत फिरले. उपाशी, थकलेले, स्लेज स्वतः ओढत. वाटेत बियर्डमोर हिमनदीपाशी त्यांनी दगड गोळा केले, सुमारे १६ किलो. शेवटचे तिघे तंबूतच गेले. नोव्हेंबरात शोधपथक पोचलं, तेव्हा ते दगड तिथेच होते. मरायला टेकलेल्या माणसांनी ओझं टाकलं नव्हतं! आणि त्या दगडांत निघाला एका पानाचा ठसा, ग्लोसोप्टेरिसचा. ग्रीकमध्ये ग्लोसा म्हणजे जीभ. जिभेसारखं लांबट पान, मधोमध ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना बारीक जाळी.

हे वाचलं आणि मी ताडकन उठलो.

बाबा बल्लारपूरच्या कोळसा खाणीत होते. तिथून त्यांनी आणलेला एक करडा, चपटा दगड आमच्या चंद्रपूरच्या घरी मागच्या दाराला लावलेला असायचा, वाऱ्याने आपटू नये म्हणून. मी तो नळाखाली धरला. ओला झाल्याबरोबर ठसा काळा होऊन वर आला. जीभ. मधली शीर. जाळी!

पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी या पानांचं जंगल इथेही होतं आणि तिथेही, कारण इथे-तिथे असं काही नव्हतंच. सगळी एकच भूमी. आमच्याकडचा कोळसा म्हणजे तेच जंगल. त्या भूमीला जगभर नाव काय? गोंडवन! आमच्या गोंडांवरून! ज्या गोंड राजांच्या परकोटाशेजारी मी क्रिकेट खेळलो, त्यांच्या जमातीचं नाव अंटार्क्टिकाच्या दगडाला लागतं, आणि हे मला पन्नाशीत कळावं?

आईला धावत जाऊन सगळं सांगितलं, शिरमाखरपासून स्कॉटपर्यंत. तिने शांतपणे ऐकलं. ओला दगड हातात घेऊन ठशावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरं. पण मंग दाराले काय लावू आता?"

दाराला आता वीट आहे.