बनेद अल-गारहून जहराचा मातीचा किल्ला



आमच्या ज्येष्ठांच्या क्लबची बस मागे अक्कोला गेली होती. सकाळी सातला निघालो. मार्गदर्शक मुलगी हातात माइक घेऊन दिवसभर बोलत होती. क्रुसेडरांचे दगडी दिवाणखाने, भुयार, समुद्राकडची तटबंदी, सगळं पायी पाहिलं. माझे गुडघे दोन दिवस बोलत होते. नातू बरोबर होता, त्याला सुट्टी होती. परतताना त्याने विचारलं, "सफ्ता, तू असं बसने जाऊन पाहिलेला पहिला किल्ला कुठला?"

मी म्हणणार होते, जंजिरा. आम्ही कोकणातली माणसं, किल्ला म्हटला की आमच्या डोळ्यापुढे भर समुद्रातला काळा दगड आणि कलालबांगडी तोफ येते. पण जंजिऱ्याला आम्ही शिडाच्या होडीतून गेलो होतो. बसने पाहिलेला पहिला किल्ला दुसराच. तो मातीचा होता, आणि अशा देशात होता की जिथे आता माझ्या पासपोर्टवर मला पाऊल टाकता येणार नाही. ती गोष्ट मी त्याला अर्धीच सांगितली. पूर्ण इथे लिहिते.

मुंबईत नर्सिंगचा कोर्स करून मी 1976 साली कुवेतला गेले. त्या वेळी तिकडच्या सरकारी हॉस्पिटलांत आपल्याकडच्या नर्सेसना खूप मागणी होती. पगार दिनारमध्ये. घरी तीन लहान भावंडं, वडिलांची गिरणी बंद पडलेली, तेव्हा विचार करायला फारसा वाव नव्हता. मुंबईच्या एका एजंटाने फॉर्म भरले. धर्माच्या रकान्यात त्याने मला न विचारता 'हिंदू' लिहिलं. म्हणाला, "बाई, आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, कोण विचारतंय? खरं लिहाल तर व्हिसा विसरा." मी सही केली. बेचाळीस, त्रेचाळीस, अशी कितीतरी इंजेक्शनं एका दिवशी दिली तरी माझा हात कधी थरथरला नाही, पण त्या सहीला थरथरला होता.

आम्हा चौघींना बनेद अल-गारमध्ये एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. बनेद अल-गार म्हणजे कुवेत शहराच्या पूर्वेचा समुद्राकाठचा भाग. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आखात दिसायचं, आणि तिकडे नवे कुवेत टॉवर्स उभे होते, निळ्या चकत्यांनी मढवलेले गोल पोटात घेऊन. ते लोकांसाठी 1979 मध्ये उघडले, तोवर आम्ही लांबूनच बघायचो. आमच्यात दोघी केरळच्या, एक गोव्याची, आणि मी. मासळीची चंगळ होती. तिथे ज्याला 'झुबैदी' म्हणतात तो आपला पापलेटच. मुलांनो, तुमच्या पणजीच्या हातचं पापलेटाचं कालवण मी तिथे नारळ घालून करायची, तर सगळ्या बोटं चाटायच्या. फक्त कोलंबी आणली की मी म्हणायचे, "मला पित्त होतं." मटण असलं की दही नको, तेव्हाही पित्तच. पित्ताला मी फार कामाला लावलं.

शुक्रवारी संध्याकाळची ड्यूटी मी कधी घेत नसे. बदल्यात कुणाचीही रात्रपाळी करायची तयारी. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आधी काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल तेल आणि वात, असा दिवा ओट्याच्या कोपऱ्यात लावायची, डोळ्यांवर हात धरून ओठांतल्या ओठांत बेराखा म्हणायची. मैत्रिणी समजायच्या, हिची पूजा चाललीय.

आमच्या वॉर्डात एक सिस्टर होती, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, पॅलेस्टिनी. तेव्हा कुवेतमध्ये पॅलेस्टिनी लोक पुष्कळ होते, शाळेत शिक्षक, ऑफिसात कारकून, हॉस्पिटलात डॉक्टर, नर्स. ही कडक होती पण मायेची. मला अरबी तिनेच शिकवलं. दुखतंय कुठे, श्वास घ्या, तोंड उघडा, इथपासून सुरुवात. तिचं गाव कोणतं हे मी कधी विचारलं नाही. का नाही विचारलं, हे तुम्हाला सांगायला नको.

1978 च्या फेब्रुवारीत हॉस्पिटलमधल्या परदेशी स्टाफसाठी शुक्रवारची सहल ठरली. बस, मार्गदर्शक, डबे आपापले. शुक्रवार म्हटल्यावर मी आधी 'नाही' म्हटलं. सिस्टर म्हणाली, "दुपारी चारला परत येऊ, चल." सूर्य साडेपाचच्या सुमारास बुडायचा. मी हिशेब केला आणि नाव दिलं.

मार्गदर्शक एक इजिप्शियन शिक्षक होते, इतिहास शिकवणारे. बस सुटते न सुटते तोच त्यांनी ती जुन्या वेशीजवळ थांबवली. म्हणाले, तुम्ही राहता त्या भागाचं नाव 'गार'वरून पडलं. गार म्हणजे डांबर. लाकडी गलबतांच्या फटी बुजवायला ते लागायचं. हे ऐकून मला एकदम आमच्या शाळेतल्या बाई आठवल्या. नोहाच्या तारवाला आतून-बाहेरून डांबर फासलं होतं, आणि बाळ मोशेची पेटीही डांबर-राळेने लिंपून नदीत सोडली होती, हे त्यांनी किती वेळा सांगितलं होतं! मी दीड वर्ष डांबराच्या गावात राहत होते आणि मला पत्ताच नव्हता.

मार्गदर्शकांनी आणखी सांगितलं की ही गलबतं बसऱ्याचा खजूर घेऊन थेट आपल्या मुंबईला यायची, आणि परतताना मलबारचं सागवान न्यायची. सागवानाशिवाय गलबतं बांधणार कशी, त्या देशात झाड कुठे आहे? 1961 साली कुवेती दिनार आला, तोपर्यंत तिथे रुपयाच चालायचा. केरळच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

वेशीची हकीकत अशी. 1920 साली वाळवंटातून हल्ल्याची भीती होती, म्हणून गावकऱ्यांनी स्वतः राबून काही महिन्यांत शहराभोवती मातीची भिंत उभी केली. 1957 मध्ये शहर वाढायला लागलं तेव्हा ती पाडली, फक्त वेशी ठेवल्या. आता चारी बाजूंनी मोटारी, आणि मधे ही वेस एकटी. आत-बाहेर काहीच उरलं नाही, तरी ती उभीच.

पुढे समुद्रकाठच्या रस्त्याने गेलो. सीफ राजवाडा बाहेरूनच बघितला, घड्याळाचा मनोरा तेवढा दिसला. वाटेत डिक्सनबाईंचं जुनं घर दाखवलं. ही इंग्रज बाई 1929 मध्ये नवऱ्याबरोबर आली आणि नवरा गेल्यावरही तिथेच राहिली. लोक तिला उम्म सऊद म्हणायचे. आम्ही गेलो तेव्हा ती तिथेच राहत होती. थेट 1990 पर्यंत होती.

मग जहरा. शहरापासून पश्चिमेला तीसेक किलोमीटर. वाटेत सपाट वाळवंट, पण फेब्रुवारी असल्याने मधून मधून हिरवळ आणि अरफजची पिवळी फुलं. लोक तंबू ठोकून बसले होते. जहरा म्हणजे खजुरीची झाडं, विहिरी, शेती, आणि तिथेच तो लाल किल्ला, अल-कस्र अल-अहमर. दिल्लीचा लाल किल्ला मनात धरून गेलो, तर समोर एक बैठी, तांबूस मातीची चौकोनी वास्तू! चार कोपऱ्यांना चार बुरूज, जाड भिंती, आत अंगणं आणि पुष्कळ खोल्या. गोव्याची म्हणाली, "हाच का तो?" मलाही तसंच वाटलं होतं. जंजिरा बघितलेल्या माणसाला ती भिंत म्हणजे गोठ्याची.

पण मार्गदर्शकांनी आम्हाला सावलीत बसवलं आणि 10 ऑक्टोबर 1920 ची गोष्ट सांगितली. नज्दकडून इखवान नावाचे लढवय्ये आले, त्यांचा म्होरक्या फैसल अल-दुवैश. सकाळी गावात लढाई झाली. कुवेतचे शेख सालिम अल-मुबारक मागे हटत आपल्या माणसांनिशी या किल्ल्यात शिरले. दरवाजे बंद. बाहेर वेढा, आत पाण्याचे हाल, जखमी पडलेले. शहरातून मदत निघाली, काही जमिनीवरून, काही गलबतांतून, आणि ती येईपर्यंत या मातीच्या भिंतींनी दम धरला. "भिंत किती उंच यावर काही नसतं," मार्गदर्शक म्हणाले, "मदत येईपर्यंत टिकली, म्हणजे किल्ला." मी नर्स आहे. माझ्या डोक्यात आलं, आमचंही काम तेवढंच की.

जेवणं झाली. दोनला निघायचं ते तीनला निघालो, कारण दोघांना फोटो काढायचे होते. वाटेत मुख्य रस्ता सोडून ड्रायव्हरने कुठला तरी जवळचा मार्ग घेतला आणि टायर फुटला. जॅक लावला तर वाळूत रुतायला लागला. फळी आणा, दगड आणा, कुणी गाडीवाला थांबतो का बघा. वारा सुटला, धूळ उडायला लागली, म्हणून बायकांना बसमध्ये बसवून काचा बंद केल्या. चार वाजले. साडेचार. मी घड्याळ बघत होते आणि सूर्य बघत होते.

सिस्टर माझ्या शेजारी होती. वेळ जावा म्हणून की काय, ती बोलायला लागली. म्हणाली, "आमच्या गावात असा मातीचा किल्ला नव्हता. पण एक मनोरा होता, पांढऱ्या दगडाचा, चौकोनी, उंच. मशीद पडून गेलेली, मनोरा एकटाच. मी सहा वर्षांची होते निघालो तेव्हा. गावाचं बाकी काही नीट आठवत नाही, तो मनोरा आठवतो." गावाचं नाव तिने सांगितलं, रमला.

मी गप्प. माझे मोठे काका 1950 च्या दशकात आलियाला गेलेले, आणि त्यांच्या पत्रांवर मागे पत्ता असायचा, रमला. ते निळे कागद मी लहानपणी कितीदा हातात घेतले होते.

सूर्य खाली आला. मी पुन्हा घड्याळ बघितलं. तेव्हा ती अगदी हळू, पुढच्या सीटला ऐकू जाणार नाही अशी म्हणाली, "तुझ्या दिव्याची वेळ झाली, नाही का?"

माझं अंग गार पडलं. ती म्हणाली, "दोन वर्षं तुझ्याबरोबर काम करतेय. हिंदू मुली रोज दिवा लावतात, तू फक्त शुक्रवारी. कोलंबी नाही, मटणाबरोबर दही नाही. माझ्या आईने मला सांगितलेलं आहे, असं कोण करतं ते. घाबरू नकोस, सांगायचं असतं तर केव्हाच सांगितलं असतं."

मला काय बोलावं कळेना. मी म्हटलं, "तुला राग नाही येत?"

"येतो," ती म्हणाली. "पण तू मुंबईची. तुझ्यावर काढून मला काय मिळणार?" आणि मग डब्यातला उरलेला खजूर माझ्या हातावर ठेवला.

बस निघाली तेव्हा सूर्य गेला होता. शब्बाथ मला वाळवंटात, बसमध्ये लागला. जन्मात पहिल्यांदा. बनेद अल-गारला उतरलो तर ती तिच्या घरी न जाता माझ्याबरोबर तीन मजले चढून आली. बाकीच्या मैत्रिणी खाली सामान घेत होत्या. पेला सकाळीच भरून ठेवलेला होता, तेल, वात, सगळं. शब्बाथ लागल्यावर आपण काडी ओढत नाही, तिला हे ठाऊक असावं किंवा माझ्या तोंडावरून कळलं असावं. मी काही सांगितलं नाही. तिने स्वतःच आगपेटी घेतली, दिवा लावला, आणि पाणी पिऊन निघून गेली. हे धर्माप्रमाणे बरोबर की चूक, ते हाझानसाहेबांनी ठरवावं. मी तो विझवला नाही.

1983 मध्ये लग्नानंतर आम्ही आलियाला आलो. काकांमुळे रमलाच मिळालं. इथून कुवेतला पत्र जात नसे, म्हणून मी मुंबईला बहिणीकडे पाठवायची आणि ती नवं पाकीट करून पुढे टाकायची. मी कुठे राहते ते पत्रात कधीच लिहिलं नाही. 'मुलगी झाली', 'पुन्हा कामाला लागले', एवढंच. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. माझी केरळची मैत्रीण अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने घरी पोचली. तेव्हा 1,70,000 हून जास्त भारतीयांना असं आणलं. सिस्टरचं पत्र त्यानंतर आलं नाही. 1991 नंतर बहुतेक पॅलेस्टिनी लोकांना कुवेत सोडावं लागलं. बहिणीने तीनदा पत्र टाकलं.

मुलांनो, तुमच्यापैकी काहीजण दूदू तास्साची गाणी ऐकता. त्याचे आजोबा दाऊद आणि त्यांचे भाऊ सालेह अल-कुवेती, दोघेही ज्यू, कुवेतमध्ये जन्मलेले, तिथून इराकला आणि 1951 मध्ये इथे आलेले. मला कुवेतमध्ये असताना हे माहीत नव्हतं. मी समजत होते, तिथे मीच एकटी.

रमलाचा पांढरा मनोरा 1318 सालचा आहे. माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं. आत जिना आहे, तरणी माणसं वर जातात, मी आता खालीच बसते. बघायला येणाऱ्यांना मी सांगते की हा मामलुकांनी बांधला, जवळच 789 सालचं जमिनीखालचं कमानींचं टाकं आहे, तेही बघा. एवढं सांगते आणि थांबते. तिला हा मनोरा अजून उभा आहे हे कळवायचं राहिलं. कळवलं असतं तर मी कुठून बघतेय हेही सांगावं लागलं असतं, आणि ते धाडस त्या वेळी माझ्याकडे नव्हतं. ते तिच्याकडे होतं.

आपल्या वाचकांपैकी त्या काळात आखातात नोकरी केलेलं कुणी असेल तर त्यांनी जरूर लिहावं. आपण किती जणांनी किती पित्ताची सोंगं केली, ते तरी कळेल.

सर्वांना शब्बाथ शालोम.