प्रश्नांचे ऋण

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिद्री हे गाव लागते. गळीत हंगाम सुरू झाला, की येथील सहकारी साखर कारखान्यासमोर उसाच्या बैलगाड्यांची व ट्रॅक्टरांची रांग लागते. शाळेला जाणारी मुले हे सारे नित्य पाहतात. उसाचा ताजा रस काळपट व गढूळ असतो. पोत्यात भरली जाणारी साखर मात्र शुभ्र असते. हे कसे घडते, असा प्रश्न एखाद्या मुलाच्या मनात येतो. परंतु विचारावे कोणाला, आणि विचारलेच तर सोबती हसतील काय, या शंकेने तो ओठांवरच विरून जातो.

वस्तुतः हा प्रश्न क्षुल्लक नाही. रस चुन्याने निवळवून व आटवून दाट केला, की त्यात साखरेचे स्फटिक बनू लागतात. स्फटिक वाढताना साखरेचेच रेणू शिस्तीने एकाला एक लागून बसतात. परके पदार्थ त्या रचनेत सहसा सामावत नाहीत, ते मळीत मागे राहतात. ज्याला हा प्रश्न पडला, तो नकळत रसायनशास्त्राच्या दारी येऊन उभा राहिला. ते दार उघडण्यासाठी मात्र आतून कोणीतरी यावे लागते.

असे दार उघडणारे एक थोर शास्त्रज्ञ कोल्हापुरातच जन्मले. डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ चा. विश्वरचनेचा अभ्यास करून त्यांनी केंब्रिजमध्ये कीर्ती मिळविली. १९७२ साली ते मायदेशी परतले आणि १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेचे संस्थापक-संचालक झाले. त्या संस्थेत महिन्यातील दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी शास्त्रज्ञांची व्याख्याने होऊ लागली. मुले स्वाक्षरीसाठी नारळीकरांभोवती जमत, तेव्हा ते त्यांना सांगत, की पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा. उत्तर येईल आणि उत्तराखाली स्वाक्षरीही असेल. आलेल्या प्रश्नांना ते खरोखरच उत्तरे धाडीत. खेड्यातील मुलालाही परवडेल, असे ते ज्ञानाचे साधन होते. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले.

इतक्या व्यग्र माणसाने मुलांसाठी वेळ का द्यावा? त्याचे एक कारण त्यांच्या बालपणात सापडते. बनारसच्या घरी भिंतीवर फळा होता. त्यांचे मोरूमामा त्यावर गणिताचे एखादे कोडे लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत, किंवा भाच्याने हार मानेपर्यंत, पुसले जात नसे. ज्याला लहानपणी कोणी प्रश्न दिला, त्याला मोठेपणी ते ऋण फेडावेसे वाटते.

इंग्लंडातील मायकेल फॅरडे यांची कथाही अशीच आहे. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीचे काम शिकत होता. १८१२ साली त्याला हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकावयास मिळाली आणि त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. पुढे स्वतः विख्यात झाल्यावर फॅरडे यांनी मुलांसाठी नाताळातील व्याख्यानांच्या एकोणीस माला गुंफिल्या. एका साध्या मेणबत्तीच्या ज्योतीतून त्यांनी रसायनशास्त्र उलगडून दाखविले. १८२५ साली सुरू झालेली ती परंपरा आजही चालू आहे.

मुलांशी बोलण्यात शास्त्रज्ञाचाही लाभ असतो. अवघड शब्दांच्या आड मोठ्यांसमोर लपता येते. बारा वर्षांच्या मुलासमोर लपता येत नाही. “म्हणजे काय?” असे त्याने विचारले, की आपल्याला विषय कितपत कळला आहे, हे विद्वानालाही नव्याने तपासावे लागते.

ऐकणारे सर्वच विद्यार्थी शास्त्रज्ञ होणार नाहीत. कोणी शेती करील, कोणी कारखान्यात काम करील, कोणी दुकान चालवील. तथापि ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्यापूर्वी “हे कशावरून?” असे विचारण्याची सवय ज्याला जडली, तो कोठेही सहजासहजी फसणार नाही.

म्हणून शाळेत कोणी शास्त्रज्ञ आले, तर केवळ टाळ्या वाजवून त्यांना निरोप देऊ नये. ते आपला वेळ देतात; विद्यार्थ्यांनी त्यांना निदान एक प्रामाणिक प्रश्न द्यावा. तो गावच्या कारखान्याविषयी असला, तरी चालेल.