फक्त वरची कड

प्रिय आप्पा,

परवा वर्गात तुमची फार आठवण झाली. पहिल्या वर्षाची मुलं होती. विषय होता, देशाचा कायदा शोधायचा कसा. मी विचारलं, संसदेला संविधानात हवा तो बदल करता येतो का? मागच्या बाकावरच्या एका मुलानं मोबाइलवर अनुच्छेद ३६८ काढला आणि उभं राहून त्यातला पाचवा खंड खणखणीत आवाजात वाचला. संसदेच्या या अधिकारावर कसलीही मर्यादा असणार नाही, असं तिथं म्हटलंय. सरकारी प्रतीत ते आजही छापलेलं आहे. तो खाली बसायच्या आत बाकीच्यांनी वहीत उतरवूनही घेतलं.

तळटीप त्यानं वाचली नव्हती. त्याला मी काय बोलणार? तळटीप बारीक अक्षरात असते, आणि ती वाचायला लावणारं माणूस घरी असावं लागतं. मला ते होतं.

आठवतात का तुम्हाला ते रविवार? शनिवारी संध्याकाळी तुम्ही कोर्टाच्या ग्रंथालयातली दोन-तीन पुस्तकं आणि जुन्या मजकुरावर चिकटवायच्या छापील करेक्शन स्लिपांचा गठ्ठा पिशवीत घालून आणायचात. सकाळी आई स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवायची. मोरचूद मात्र तुम्ही स्वतः घालायचात, आणि तेवढ्यापुरतं आम्हा पोरांना लांब बसवायचात. मग मी पट्टी धरायची आणि तुम्ही स्लिप कापायचात. मी एकदा उत्साहानं स्लिपच्या चारही बाजूंना खळ फासली, तेव्हा तुम्ही ती ओली असतानाच अलगद सोडवून घेतलीत. "फक्त वरची कड. खालचं वाचता आलं पाहिजे." बस, एवढंच बोललात. तुम्ही कधी जास्त बोललातच नाही, आणि माझं तुमच्याशी भांडण आहे ते त्याच्यावरूनच.

१९८० साली मी नऊ वर्षांची होते. एका रविवारी तुम्ही स्लिप आलेली नसतानाच संविधान उघडलंत, ३६८ व्या अनुच्छेदावरची बेचाळिसाव्या दुरुस्तीची स्लिप उचललीत, आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलंत: मिनर्व्हा मिल्स, १९८०, खंड ४ व ५ अवैध. मी विचारलं, मग ती स्लिप फाडून का नाही टाकायची? तुम्ही म्हणालात, "कोर्ट पुस्तक खोडत नाही. खोडायचं ते संसदेनं. कोर्ट एवढंच सांगतं, की हे चालणार नाही." त्या वयात मला त्यातलं काय कळणार! मला एवढंच कळलं की स्लिप दिल्लीहून छापून येते आणि पेन्सिल आप्पांच्या खिशात असते.

पंचेचाळीस वर्षांनी त्या मुलाला हेच समजावताना मला अख्खा तास लागला. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्ती बसले, अडुसष्ट दिवस सुनावणी चालली, आणि सात विरुद्ध सहा असा निकाल लागला: दुरुस्ती करा, पण संविधानाची मूलभूत चौकट मोडू नका. त्यावर उत्तर म्हणून १९७६ साली आणीबाणीतल्या संसदेनं बेचाळिसाव्या दुरुस्तीत ते दोन खंड घातले, की घटनादुरुस्तीला कोर्टात आव्हानच देता येणार नाही. मिनर्व्हा मिल्सच्या निकालात न्यायालयानं तेच दोन खंड रद्द ठरवले. पुढं कुणी ते पुस्तकातून काढले नाहीत. मेलेली कलमं जिवंत कलमांच्या शेजारी छापली जातात, आप्पा, आणि कुठलं मेलंय हे पुस्तक मोठ्यानं सांगत नाही. (कलम नव्हे, अनुच्छेद. कायद्याला कलम, संविधानाला अनुच्छेद. तुम्ही दटावणार हे ठाऊक आहे.)

आता भांडते.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा ग्रंथालयातून बाद झालेलं ते संविधान रद्दीच्या भावानं घरी घेऊन आलात. स्लिपांनी इतकं फुगलेलं, की मिटतच नाही. अनुच्छेद ३१ चं पान उघडलं की सगळ्यात वर एक स्लिप आहे: हा अनुच्छेद वगळला. ती चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीची, २० जून १९७९ पासून लागू. मालमत्तेचा मूलभूत हक्क त्या दिवशी संपला आणि ३०० क मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून उरला. ती उचलली की खाली पंचविसाव्या दुरुस्तीची, १९७१ ची स्लिप. तिनं त्यातला कळीचा शब्द बदलला. सरकारनं जमीन घेतली तर 'भरपाई' द्यायची होती, तिथं 'रक्कम' आली.

ही स्लिप तुमच्या हातची आहे. कापाची तिरपी सुरुवात मी ओळखते. त्या वर्षी आजोबांचा वाढीव मोबदल्याचा दावा तुमच्याच कोर्टात पडून होता ना? गावची चार एकर धरणाच्या पाण्याखाली गेलेली, आणि आजोबा प्रत्येक तारखेला एसटीनं येऊन तुमच्या ग्रंथालयाच्या पायरीवर बसलेले. त्यांचा दावा १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली होता आणि या स्लिपनं त्याला थेट धक्का लागला नाही, हे मला आज कळतं. पण तुमचा हात थांबला कसा नाही? 'भरपाई'वर 'रक्कम' चिकटवताना तुम्हाला पायरीवरचा म्हातारा दिसला नाही?

हे एकदा विचारलं होतं मी, कॉलेजात असताना, जरा तावातच. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. नववी अनुसूची काढून माझ्यापुढं ठेवलीत आणि दुसऱ्या नोंदीवर बोट ठेवलंत. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८. मग स्वयंपाकघराकडे बघितलंत. आईच्या माहेरी तीन एकर नावावर झाली ती याच कायद्यानं. १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्या कुळांना मालक मानलं गेलं तेव्हा. मालमत्तेचा हक्क जसाच्या तसा कडक राहिला असता, तर जमीनदारांनी असे कायदे कोर्टात अडकवून ठेवले असते. म्हणून तर १९५१ च्या पहिल्याच दुरुस्तीत ही अनुसूची आली. एकाच पानानं आपल्या एका घरची जमीन घालवायची वाट सोपी केली आणि दुसऱ्या घरी जमीन आणली. तुम्ही एवढं सगळं बोट ठेवून सांगितलंत. तोंडानं का नाही सांगितलंत, आप्पा? आजोबांना तरी सांगितलं होतंत का?

आणि आणीबाणीतलं तुमचं मौन? शेजारच्या मास्तरांना रात्री उचलून नेलं, दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघालात, असं आई सांगायची. मी त्याचा फार राग धरला होता. तुम्ही गेल्यानंतर तेराव्याच्या रात्री झोप येईना म्हणून मी पुस्तक काढलं, आणि अनुच्छेद २१ वर आले.

त्या पानावर एकही स्लिप नाही. १९५० पासून त्या एका वाक्यातला शब्द बदललेला नाही. आणि समास मात्र पेन्सिलीनं भरलेला. गोपालन, १९५०: कायदा करून कार्यपद्धती ठरवली की झालं, ती न्याय्य आहे का हे विचारायचं नाही. मनेका गांधी, १९७८: विचारायचं, कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी हवी. ओल्गा टेलिस, १९८५: मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांची उपजीविका हीसुद्धा जीविताच्या हक्कात. आणि या सगळ्यांच्या मध्ये, दोनदा अधोरेखित: २८ एप्रिल १९७६, खन्ना.

नुसतं आडनाव. त्या दिवशी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितलं, की आणीबाणीत डांबलेल्या माणसाला कोर्टात दादही मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना वेगळे राहिले. तुम्ही निकालाचं नाव लिहिलं नाहीत, एकट्या माणसाचं लिहिलंत. कोर्टाच्या पुस्तकात, जिथं कुणीही साहेब पान उघडू शकला असता. एवढं पुरेसं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. पेन्सिल पुसता येते, मास्तर अठरा महिने आत होते. पण तुम्ही लिहिलं होतंत, आणि मला सांगितलं नव्हतंत.

त्या वाक्याची मुळं पुस्तकाच्याही मागे आहेत, हे मी पुढं स्वतः शोधलं. अमेरिकेतला 'ड्यू प्रोसेस' आधी आपल्या मसुद्याच्या वाटेवर होता. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आले आणि शब्द बदलले. १३ डिसेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत दोन्ही बाजू मांडल्या आणि निर्णय सभेवर सोपवला. या खोडलेल्या शब्दांची स्लिप तुमच्या गठ्ठ्यात कधीच आली नसती. त्यासाठी चर्चांचे खंडच काढावे लागतात. मुलांना मी आता सगळ्यात आधी तिकडे धाडते.

२४ ऑगस्ट २०१७ ला तुम्ही हवे होतात. खाजगीपणाच्या हक्काच्या निकालात नऊ न्यायमूर्ती बसले होते, आणि १९७६ चा तो निकाल पुसला गेला. त्या चारांत एक न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल चूक होता असं लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच चिरंजीव. त्या संध्याकाळी मी तुमचीच पेन्सिल शोधली, तिला टोक केलं, आणि खन्नांच्या खाली तारीख घातली. माझं अक्षर तुमच्याइतकं सुबक नाही.

शेवटची स्लिप तुम्ही एकसष्टाव्या दुरुस्तीची लावलीत. मतदानाचं वय एकवीसवरून अठरा, मार्च १९८९. मी अठराची झाले होते. नोव्हेंबरात मतदानाला निघाले, तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात; मला वाटलं, धूळ गेली असेल.

पुढच्या पंचेचाळीस दुरुस्त्या राहिल्यात, आप्पा. सोमवारी पुस्तक वर्गात नेणार आहे, स्लिपा मुलंच कापतील. मैदा आणून ठेवलाय. वरची कड मी दाखवीन त्यांना. खळीत मोरचूद किती घालायचं, ते तेवढं तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

तुमची,
पट्टी धरणारी